नेमके बंद कुठे पडले?

विंडोजची कळ आणि आर एकदम दाबले, उघडलेल्या चौकोनात सीएमडी ही तीन अक्षरे टाइप केली आणि एंटर मारले, की पडद्यावर काळी खिडकी उघडते. तिचे नाव कमांड प्रॉम्प्ट. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीपासून ती तिथे आहे, तरी बहुतेकांनी ती मुद्दाम अशी कधी उघडलेली नसते. तिच्यात चिन्हे नाहीत, बटणे नाहीत. कमांड टाइप करायची, एंटर मारायचे आणि आलेले उत्तर वाचायचे, एवढाच व्यवहार.

संगणक बिघडला की आपल्याकडे दोन उपाय सर्रास सांगितले जातात: रिस्टार्ट करून बघा, आणि तेवढ्याने भागले नाही तर फॉरमॅट मारा. पहिल्याने बिघाड कळत नाही, दुसऱ्याने तो पुसला जातो आणि त्याबरोबर बरेच काही पुसले जाते. बिघाड शोधण्याचे काम या दोहोंच्या मधले आहे. त्यासाठी डझनभर कमांड पुरतात. प्रत्येक कमांड एकच लहान प्रश्न विचारते आणि तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. कौशल्य कमांड पाठ करण्यात फारसे नाही. प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे आणि उत्तरातून किती अर्थ काढायचा, यात ते आहे.

आधी पत्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रांसमोर दाखल्यांची रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर. मध्येच पडद्यावरचे पान फिरत राहते आणि उघडत नाही. "किती वेळ, दादा?" "सर्व्हर डाउन आहे, मावशी." हे उत्तर खरेही असू शकते, पण केंद्रातला राउटर, बाहेरची केबल, इंटरनेट पुरवणाऱ्याची यंत्रणा आणि दूरच्या शहरातला सर्व्हर यांपैकी कुठेही खोळंबा झाला, तरी पडद्यावर दिसणारे पान सारखेच असते. हे चार दुवे सुटे करून पाहायला दोन मिनिटे लागतात.

सुरुवात आयपीकॉन्फिगने होते. नुसते टाइप केले तर थोडक्यात आणि पुढे /ऑल जोडले तर सविस्तर, अशी संगणकाच्या नेटवर्क-जोडणीची माहिती ती देते. त्या पंधरा-वीस ओळींत पाहायचे ते आयपीव्ही४ पत्त्यासमोर. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर घरातल्या किंवा दुकानातल्या राउटरने संगणकाला पत्ता दिला आहे, म्हणजे तिथवर बोलणे झाले आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा असेल, तर संगणकाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक ठरवून घेतला. अशा पत्त्यावर इंटरनेट चालत नाही. मग सर्व्हरला बोल लावण्यात अर्थ नसतो. वायर सैल आहे का, राउटर चालू आहे का, हे बघायचे. आयपीकॉन्फिग /रिलीज आणि पाठोपाठ आयपीकॉन्फिग /रिन्यू दिले की संगणक जुना पत्ता सोडून नवा मागतो.

त्याच यादीत डिफॉल्ट गेटवे नावाची ओळ असते. तो राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या जवळपासचा. पुढच्या पायरीला तो लागतो.

चार पाकिटे

पिंग ही या साऱ्यांतली सर्वांत प्रसिद्ध कमांड. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या लष्करी बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली. तिथले नेटवर्क विचित्र वागत होते, म्हणून बसल्या बैठकीत लिहून काढलेला तो साधारण हजार ओळींचा प्रोग्रॅम. त्यामागची सोय आधीपासून होती: सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेटचे जे नियम लिहिले गेले, त्यांत एका यंत्राने 'इको' मागितला तर दुसऱ्याने तो जसाच्या तसा परत करावा, असे ठरले होते. मूस यांनी तो मागायचा आणि परत यायला लागलेला वेळ मोजायचा, एवढेच केले. चाळीस वर्षांनंतरही पिंग हेच करते.

विंडोजवर पिंग ८.८.८.८ दिले की ३२ बाइटांची चार पाकिटे जातात आणि चार ओळी येतात. त्यातली एक अशी असते: रिप्लाय फ्रॉम ८.८.८.८: बाइट्स=३२ टाइम=१४एमएस टीटीएल=११७. पाकीट जाऊन परत यायला सेकंदाचे चौदा सहस्रांश लागले. टीटीएल हा आकडा उत्तर देणाऱ्याकडून निघताना बहुधा ६४, १२८ किंवा २५५ असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो; ११७ दिसले, तर पाकीट १२८ वर निघून अकरा राउटर ओलांडून आले असावे, असा अंदाज बांधता येतो.

अनुभवी माणूस पिंग एकदाच देत नाही, जवळून दूर जात देतो. पहिले पिंग १२७.०.०.१ ला. हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता. इथूनच उत्तर आले नाही, तर नेटवर्कचे सॉफ्टवेअरच बिघडले आहे. दुसरे राउटरला. तिसरे ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला, जो सहसा बंद नसतो. चौथे नावाला, म्हणजे जे संकेतस्थळ उघडायचे आहे त्याला. राउटरपर्यंत ठीक आणि ८.८.८.८ ला काही नाही, तर घोटाळा बाहेरच्या केबलवर किंवा पुरवठादाराकडे. तिसरे ठीक आणि चौथ्यात नावच सापडले नाही, तर प्रकरण वेगळे. ते पुढे येते.

उत्तर आले नाही, तरी न येण्याच्या तऱ्हा दोन आहेत. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे पाकीट गेले, ठरलेल्या वेळात काही परत आले नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' म्हणजे वाटेतल्या कोणीतरी, पुष्कळदा खुद्द आपल्याच संगणकाने, पुढे जाता येत नसल्याचे कळवले. इथे विंडोजचा एक घोळ आहे. ही नकाराची पावतीही तो 'आलेले उत्तर' म्हणून मोजतो, आणि खाली हिशेबात हरवलेली पाकिटे शून्य टक्के दिसतात. नुसती शेवटची ओळ वाचणारा यात हमखास फसतो.

उलट बाजूही आहे. पिंगला उत्तर न देणारे यंत्र बंदच असते असे नाही. कित्येक सर्व्हर सुरक्षेसाठी इकोला उत्तर देत नाहीत. त्यांच्यावरची पाने मात्र व्यवस्थित उघडतात. पिंग आले तर वाट चालू आहे हे नक्की, नाही आले तर नक्की काहीच नाही.

पिंगच्या पुढे -टी जोडले की कंट्रोल-सी दाबेपर्यंत पाकिटे जात राहतात. व्हिडिओ कॉल अडखळत असेल तेव्हा हे फार कामाचे ठरते. लॅपटॉप हातात घेऊन राउटरला -टी लावायचे आणि घरभर हिंडायचे. राउटरशेजारी एक-दोन सहस्रांश सेकंद दिसतात. आतल्या खोलीत मध्येच २००, मध्येच टाइम्ड आउट. म्हणजे दोष वायफायचा आणि भिंतींचा. पुरवठादाराकडे तक्रार करून वर जास्त वेगाचा प्लॅन घेतला, तरी त्या खोलीत फरक पडणार नाही.

नावाचा क्रमांक

संगणक एकमेकांना क्रमांकांनी ओळखतात, माणसे नावांनी. नावाचा क्रमांक सांगणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्येच आखली. ती अडली की पिंग ८.८.८.८ झकास चालते, व्हॉट्सॲपवर निरोपही कधी कधी येत राहतात, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. लोक याला 'नेट अर्धे चालू आहे' म्हणतात, आणि वर्णन म्हणून ते वाईट नाही.

एनएसलुकअप आणि पुढे संकेतस्थळाचे नाव दिले, की कोणत्या सर्व्हरला विचारले आणि काय क्रमांक मिळाला ते दिसते. 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर' ही ओळ पाहून नवखे दचकतात. ती नेहमीचीच आहे, उत्तर मूळ सर्व्हरकडून न येता मधल्याच्या साठ्यातून आले, एवढेच ती सांगते. नाव सापडले नाही, तर त्याच कमांडच्या शेवटी ८.८.८.८ जोडून तोच प्रश्न दुसऱ्याला विचारता येतो. तिथे उत्तर मिळाले, तर पुरवठादाराचा डीएनएस आजारी आहे आणि सेटिंगमध्ये दुसरा क्रमांक घालून काम भागते. दोन्हीकडे नाही, तर नावच चुकले आहे किंवा ते संकेतस्थळ खरोखर अडचणीत आहे. संगणकाने जुना, बदललेला क्रमांक धरून ठेवला असेल, तर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस तो साठा रिकामा करते.

टप्प्याटप्प्याचे तिकीट

वाट तुटली आहे हे पिंग सांगते, कुठे तुटली ते सांगत नाही. ते काम ट्रेसराउटचे, विंडोजवर ट्रेसर्टचे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन यांनी ते लिहिले. कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांची. युक्ती वर आलेल्या टीटीएलच्या आकड्यावर चालते. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. ही सोय पाकिटांनी नेटवर्कमध्ये अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून होती. ट्रेसराउट मुद्दाम अपुरे तिकीट काढते. एसटीत एका टप्प्याचे तिकीट काढले तर पहिल्या टप्प्याला उतरवतात, दोन टप्प्यांचे काढले तर दुसऱ्या. तसे एक, दोन, तीन असे आकडे वाढवत पाकिटे पाठवायची आणि प्रत्येक वेळी उतरवणाऱ्याचा पत्ता टिपून घ्यायचा. विंडोजवर असे जास्तीत जास्त तीस टप्पे मोजले जातात आणि प्रत्येक टप्प्यावर तीन वेळा वेळ घेतली जाते.

यादीत मध्येच तीन तारे दिसले की वाट तिथे तुटली, असे समजू नये. त्यापुढच्या ओळींत आकडे येत असतील, तर तो राउटर फक्त उत्तर देत नाही, पाकिटे मात्र पुढे सोडतो. ताऱ्यांनंतर शेवटपर्यंत तारेच असतील, तेव्हा काळजी. वेळेचेही असेच आहे. एका ओळीत आकडा वाढला आणि पुढे उतरला, तर काही बिघडलेले नाही. वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर दिरंगाई त्या टप्प्यापासून सुरू होते.

मुंबईहून लंडनच्या सर्व्हरला ट्रेसर्ट दिले, तर सुरुवातीच्या ओळी दहा-वीस सहस्रांश सेकंदांच्या असतात आणि मग एका ओळीत आकडा एकदम शंभराच्या वर उडी मारतो. तो बिघाड नसतो, तो समुद्र असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर; नुसत्या जाण्यायेण्याला ७२ सहस्रांश सेकंद हवेतच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि पश्चिमेकडची वाट तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे जाते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातल्या इंटरनेटला त्याची झळ बसली होती. त्या प्रसंगी आपला राउटर कितीही वेळा बंद-चालू करून उपयोग नव्हता.

डिस्कला हात लावण्यापूर्वी

वीज झटक्यात जाते, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली असते, आणि संगणक परत सुरू होताना डिस्क तपासतो आहे असे पांढऱ्या अक्षरांत सांगतो. ही तपासणारी कमांड म्हणजे चेकडिस्क, टाइप करताना सी-एच-के-डी-एस-के. एमएस-डॉसच्या पूर्वजाबरोबर ती १९८०च्या सुमारास आली, म्हणजे पिंगपेक्षाही जुनी.

पुढे काही न जोडता चेकडिस्क दिली तर ती फक्त वाचते आणि अहवाल देते. /एफ जोडले की चुका दुरुस्त करते. /आर जोडले की डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून खराब जागा शोधते. मोठ्या जुन्या हार्डडिस्कवर याला अख्खी रात्र जाऊ शकते. सी ड्राइव्हवर विंडोज स्वतःच बसलेले असल्याने तिथे ती लगेच चालत नाही, पुढच्या सुरुवातीला चालवू का असे विचारते, आणि वाय दाबून रिस्टार्ट करावे लागते. तुटलेल्या फायलींचे तुकडे सापडले, तर फाउंड.००० नावाच्या फोल्डरमध्ये गोळा होतात.

चेकडिस्क डिस्कवरच्या हिशेबाची वही तपासते. डिस्क यंत्र म्हणून किती दिवस टिकेल, हे तिला कळत नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल, फाइल उघडायला मिनिटे लागत असतील, तर /आर देणे हा सर्वांत वाईट निर्णय. मरू घातलेल्या डिस्कला रात्रभर पळवले, तर सकाळी लग्नाचे फोटो मिळण्याची आशा उरत नाही. आधी मिळेल तेवढे दुसरीकडे उतरवून घ्यायचे, तपासणी नंतर. डिस्कची स्वतःची प्रकृती पाहायला पॉवरशेल ही विंडोजची दुसरी कमांड-खिडकी उघडून गेट-फिजिकलडिस्क द्यावे. प्रत्येक डिस्कपुढे हेल्दी, वॉर्निंग किंवा अनहेल्दी असा शेरा दिसतो. हेल्दी या शेऱ्यावरही आंधळा विश्वास नको. कित्येक डिस्क तो शेरा मिरवतच मरतात.

इथेच एक इशारा. काळी खिडकी दर वेळी 'नक्की का?' असे विचारत नाही. डिस्कचे विभाग पाडणाऱ्या डिस्कपार्टमधली क्लीन ही कमांड निवडलेल्या डिस्कवरची सगळी विभागणी एका एंटरमध्ये पुसते आणि एकदाही खात्री करून घेत नाही. पेनड्राइव्ह समजून हार्डडिस्कचा क्रमांक निवडला, तरीही.

विंडोजच्याच फायली

स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग मिटते, अपडेट अडकते: अशा तऱ्हांमागे कित्येकदा विंडोजची एखादी फाइल खराब झालेली असते. एसएफसी /स्कॅननाउ ही कमांड अशा संरक्षित फायली एकेक तपासते आणि बिघडलेलीच्या जागी चांगली प्रत ठेवते. त्यासाठी काळी खिडकी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावी लागते. एरवी ती नकार देते. ती प्रत संगणकातल्याच एका कोठारातून घेतली जाते. कोठारच नासले असेल, तर एसएफसी दुरुस्त करता आले नाही असे सांगून थांबते. मग डिसम वापरायची, डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून चांगला माल आणून कोठार भरते आणि त्यानंतर पुन्हा एसएफसी. डिसम पुष्कळदा ६२ टक्क्यांच्या आसपास बराच वेळ थांबल्यासारखी वाटते. थांबू द्यावी.

कोण चालू आहे, कोण बोलते आहे

टास्कलिस्ट सध्या चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी देते, प्रत्येकापुढे त्याचा पीआयडी हा क्रमांक आणि घेतलेली मेमरी. हँग झालेला प्रोग्रॅम माउसने बंद होत नसेल, तर टास्ककिल /एफ /पीआयडी आणि तो क्रमांक दिला की सुटका होते. न जतन केलेले काम अर्थात जाते.

नेटस्टॅट -एएनओ कोणत्या पीआयडीचा प्रोग्रॅम कोणत्या पत्त्याशी जोडलेला आहे, ते दाखवते. ब्राउझर उघडा असताना ही यादी सहज पन्नास ओळींची होते आणि त्यात काही वावगे नसते. पण याच यादीवर फसवणुकीचा मोठा धंदा चालला. 'आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो' असे सांगणारा माणूस परदेशातल्या एखाद्या आजोबांना नेटस्टॅट द्यायला लावतो आणि 'फॉरेन ॲड्रेस' या रकान्याकडे बोट दाखवून सांगतो की हे सगळे परदेशी हॅकर तुमच्या यंत्रात शिरले आहेत. तो रकाना फक्त जोडणीचे पलीकडचे टोक दाखवतो. ते टोक कधी शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरचे असते. दुसरी क्लृप्ती असॉक या कमांडची. तिच्या यादीत अखेरीस झेडएफसेंडटूटार्गेट या नावापुढे ८८८ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक येतो. हाच तुमच्या संगणकाचा गुप्त परवाना क्रमांक, बघा, आम्हाला आधीच ठाऊक आहे, असे म्हणून तो वाचून दाखवला जातो. तो क्रमांक सगळ्या विंडोजवर एकच असतो. अशा कॉल सेंटरांपैकी बरीच भारतातल्या शहरांत होती. सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र-२' मोहिमेत अशा टोळ्यांवर छापे घातले.

विंडोज सुरूच झाले नाही तर

काळ्या खिडकीची खरी गरज तेव्हा कळते, जेव्हा दुसरे काहीच उघडत नाही. सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा अडकले, की विंडोज आपोआप निळ्या पडद्याच्या दुरुस्ती-विभागात नेते. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात कमांड प्रॉम्प्ट. इथे ओळ सी ऐवजी एक्स या अक्षराने सुरू होते, आणि नेहमीचा सी ड्राइव्ह इथे डी किंवा ई झालेला असू शकतो. डिस्कपार्ट उघडून लिस्ट व्हॉल्यूम देऊन खात्री करावी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ आकडी चावी लागते. दुरुस्तीवाल्यांची एक जुनी युक्ती इथे उपयोगी पडते: नोटपॅड टाइप करून एंटर मारायचे. नोटपॅडच्या फाइल-ओपन चौकटीत 'ऑल फाइल्स' निवडले की सगळे ड्राइव्ह दिसतात, आणि तिथून फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येते. विंडोज मेले तरी फायली वाचतात.

१९ जुलै २०२४ रोजी हीच खोली जगभरातल्या तंत्रज्ञांनी एकदम उघडली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या फाल्कन सॉफ्टवेअरचे सदोष अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुटले. सव्वा तासाने ते मागे घेतले गेले, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली होती. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय एका ओळीचा होता: दुरुस्ती-विभागात किंवा सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइक फोल्डरात शिरायचे आणि सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल डेल या कमांडने काढून टाकायची. पण अडकलेले यंत्र नेटवर्कवर येतच नव्हते, म्हणून दुरून ते करणे बहुतेक ठिकाणी जमेना. एकेका यंत्रापुढे बसून, ४८ आकडी चावी शोधून, ती ओळ हाताने टाइप करावी लागली. काही ठिकाणी ते काम कित्येक दिवस चालले.

लिनक्सवर, आणि कागदावर

लिनक्सवर नावे थोडी बदलतात, प्रश्न तेच राहतात. आयपीकॉन्फिगच्या जागी आयपी ए, नेटस्टॅटच्या जागी एसएस, टास्कलिस्टच्या जागी टॉप, डिस्क किती भरली ते पाहायला डीएफ -एच. पिंग तिथे चारवर थांबत नाही, कंट्रोल-सी दाबावे लागते. जर्नलसीटीएल आणि डीमेसेज या दोन कमांड मात्र विंडोजवाल्यांना हेवा वाटावा अशा आहेत: यंत्र सुरू झाल्यापासून काय काय घडले, ते साध्या मजकुरात ओळीने वाचता येते. यूएसबीची पट्टी लावली आणि दिसली नाही, तर डीमेसेजच्या शेवटच्या चार ओळी पाहाव्यात; कारण बहुधा तिथे लिहिलेले असते.

दोन्हीकडे एक सोय समान आहे. कमांडनंतर मोठेपणाचे चिन्ह आणि फाइलचे नाव दिले, की उत्तर पडद्याऐवजी त्या फाइलमध्ये जाते. सिस्टिमइन्फो आणि आयपीकॉन्फिग /ऑल यांचे असे दोन कागद दुरुस्तीला जाण्यापूर्वी काढून ठेवले, तर 'कालपर्यंत चालत होता' यापलीकडे काही सांगता येते: विंडोजची आवृत्ती, शेवटचा रिस्टार्ट कधी, मेमरी किती, अपडेट कोणते. चालू यंत्रावर पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट दिले, तर बॅटरीची मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता शेजारी-शेजारी छापून मिळते, आणि जुना लॅपटॉप विकत घेताना विक्रेत्यासमोर ती पाहायला हरकत नसते. हे कागद व्हॉट्सॲपच्या गटात टाकण्यापूर्वी मात्र त्यांतले मालकाचे नाव, संगणकाचे नाव आणि नेटवर्क-कार्डांचे क्रमांक खोडून टाकावेत.